वैमानिकांच्या करारात टक्के मोठे की कलमे?

गोदाकाठ (नाशिक)

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो असून नोकरीची शेवटची बरीच वर्षे कर्मचारी संघटनेच्या कामात घालवली आहेत. त्यामुळे वेतनकरार म्हटला की मला इंडियन बँक्स असोसिएशनबरोबर होणारे द्विपक्षीय करारच आठवतात: मागण्यांची सनद, चर्चेच्या फेऱ्यांमागून फेऱ्या, एखाददुसऱ्या दिवसाचा संप आणि शेवटी अमुक टक्के वाढ. बारावा करार 8 मार्च 2024 रोजी झाला, त्यात 17 टक्के वाढ ठरली आणि ती 1 नोव्हेंबर 2022 पासून लागू झाली. मधल्या सोळा महिन्यांची थकबाकी मिळाली. आमच्याकडे उशीर होतो, पण पैसे बुडत नाहीत.

माझी भाची अमेरिकेतील एका मोठ्या विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. ती मध्यंतरी घरी आली असताना हा विषय निघाला. नोव्हेंबर 2022 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी दीड वर्षात साडेचौदा टक्क्यांहून अधिक वाढ देणारा करार 94 टक्के मतांनी फेटाळला, असे माझ्या वाचनात आले होते. इतक्या कमी मुदतीत इतकी वाढ आमच्या संघटनेने आणली असती, तर सभासदांनी पेढे वाटले असते. मी तसे म्हटल्यावर ती एवढेच बोलली, “मामा, टक्के काय बघतोस, कलमे बघ.” कोणती कलमे हे विचारायच्या आत ती झोपायला निघून गेली, कारण तिचे शरीर अजून अमेरिकेच्या घड्याळावर होते.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे आहे. वैमानिकांच्या करारात वेतनवाढीपेक्षा महत्त्वाचे ठरावे असे काय असते? त्या वाटाघाटी तीन-तीन, चार-चार वर्षे का रेंगाळतात? आणि संपाच्या बाजूने 99 टक्के मते पडूनही संप का होत नाही? कृपया हिशेब मांडून सांगावे. तत्त्वज्ञान मला नको आहे.

डावी खुर्ची (अमेरिका)

गोदाकाठ यांस, आपल्या भाचीने नेमके बोट ठेवले आहे. मी या देशात वीस वर्षांहून अधिक काळ विमाने चालवतो आहे, त्यांपैकी काही वर्षे कॅप्टन म्हणून, आणि तीन करारांवर मतदान केले आहे. त्या आधारे लिहितो.

बँकेत महिन्याचा पगार ठरलेला असतो. आमच्याकडे दर तासाचा असतो आणि तो तास साधारणपणे विमान टर्मिनलपासून मागे ढकलले गेल्यापासून मुक्कामी टर्मिनलला लागेपर्यंत मोजला जातो. गणवेश चढवून विमानतळावर येणे, हवामान आणि इंधनाचे कागद पाहणे, विमान तपासणे, दोन उड्डाणांच्या मध्ये तीन तास बाकावर बसणे, परगावच्या हॉटेलात रात्र काढणे, हे सारे काम असले तरी त्याचा तासाचा दर मिळत नाही. घराबाहेर असल्याबद्दल जेवणाखाणाचा छोटा भत्ता तेवढा मिळतो. म्हणजे तासाचा दर 30 टक्क्यांनी वाढवून कंपनी जर वेळापत्रक असे आखू लागली की चार दिवस घराबाहेर राहून मोजले जाणारे तास कमी भरतील, तर वाढीतला मोठा भाग तिथेच जिरतो.

याला अटकाव करणारी कलमे करारात असतात. एक उदाहरण घ्या. मोठ्या कंपन्यांच्या करारांत साधारण असे ठरलेले असते की मूळ तळापासून, म्हणजे वैमानिकाच्या फेऱ्या जिथून सुरू होतात त्या विमानतळापासून, दूर घालवलेल्या दर साडेतीन तासांमागे किमान एक तासाचा पगार मिळालाच पाहिजे. समजा मी 49 तासांच्या फेरीवर गेलो आणि प्रत्यक्ष उड्डाण फक्त 8 तासांचे झाले. हे कलम नसेल तर मला 8 तासांचे पैसे मिळतील. कलम असेल तर 14 तासांचे. तासाचा दर तोच राहून पगार पाऊणपट वाढला. साडेतीनाचे चार झाले, तर तोच आकडा सव्वाबारावर येईल, आणि वर्तमानपत्रात त्याची ओळसुद्धा छापून येणार नाही. याशिवाय कामाच्या प्रत्येक दिवसामागे सरासरी किमान पाच तासांच्या आसपास पगार देण्याचे कलमही असते.

दुसरी गोष्ट राखीव वैमानिकांची. कनिष्ठांना महिनोन्‌महिने राखीव यादीत राहावे लागते. कोणी आजारी पडले, कुठे वादळ आले, की त्यांना बोलावणे येते. त्यांना किमान तासांची हमी असते, पण प्रश्न पैशांपेक्षा फोनचा असतो. ‘शॉर्ट कॉल’ म्हणजे फोन आल्यापासून दोन-तीन तासांत विमानतळावर हजर व्हायचे; ‘लाँग कॉल’ म्हणजे निदान रात्रभराचा अवकाश मिळायचा. ज्याचे घर तळाच्या गावी नाही, त्याला शॉर्ट कॉलसाठी तळाजवळ भाड्याच्या खोलीत चार-सहा जणांबरोबर राहावे लागते. महिन्यातले किती दिवस शॉर्ट कॉल असावा, सुट्टीच्या दिवशी सक्तीने कामावर ओढता येते का, ओढल्यास किती पट पैसे, हे सारे करारातच ठरते. 2022 मध्ये युनायटेडच्या वैमानिकांचा राग टक्क्यांवर होताच, पण जगण्याचे वेळापत्रक सुधारणारे फारसे काही त्या मसुद्यात नाही, ही तक्रारही तेवढीच मोठी होती.

साउथवेस्ट एअरलाइन्सचे उदाहरण याहून बोलके आहे. डिसेंबर 2022 च्या नाताळात हिमवादळानंतर त्या कंपनीची 16,000 हून अधिक उड्डाणे रद्द झाली. वादळ ओसरले, इतर कंपन्या सावरल्या, पण इथे कोणता वैमानिक कोणत्या गावी अडकला आहे, हेच व्यवस्थेला कळेनासे झाले. माणसे फोन कानाला लावून तासन्‌तास ताटकळत होती. वेळापत्रकाच्या या यंत्रणेबद्दल संघटना कित्येक वर्षे ओरडत होती. पुढे जानेवारी 2024 मध्ये 93 टक्के मतांनी मंजूर झालेल्या करारात सुमारे 50 टक्क्यांची एकूण वाढ आली, तिचेच मथळे झाले. पण वाटाघाटींच्या टेबलावर वेळापत्रकाच्या कलमांनी खाल्लेला वेळ काही कमी नव्हता.

आता आपण म्हणाल की विश्रांतीचे नियम सरकारचे असतात, मग करारात त्यांचे काय काम? सरकारी नियम आहेतच. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून 50 जण मृत्युमुखी पडले आणि वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यानंतर आलेले नियम जानेवारी 2014 पासून लागू आहेत: ड्युटीपूर्वी 10 तासांची विश्रांती आणि तीत 8 तास झोपेची संधी, दर 168 तासांत सलग 30 तासांची सुटका, वर्षाला 1,000 तासांपेक्षा जास्त उड्डाण नाही. मालवाहू कंपन्या त्यातून वगळल्या गेल्या, ती कथा वेगळी आणि संतापजनक आहे. पण कायदा फक्त सांगतो की याहून जास्त राबवू नका. घर आणि नोकरी दोन्ही सांभाळता येतील असा महिना कोणता, हे कायदा सांगत नाही.

कलम बावीस (मुंबई)

माझा पेशा कामगार कायद्याचा आहे. विमानात मी फक्त खिडकीशेजारी बसतो. उशीर आणि संप या दोन प्रश्नांपुरते उत्तर देतो.

अमेरिकेतील विमान कर्मचारी ज्या कायद्याखाली येतात, त्याचे नाव रेल्वे लेबर ॲक्ट आहे. तो 1926 चा असून 1936 मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. रेल्वेचे संप टाळणे हाच त्याचा हेतू असल्याने त्यात थांबे फार आहेत. पहिली मेख अशी की या कायद्याखालचा करार संपत नाही. ठरलेली तारीख उलटली की तो फक्त ‘दुरुस्तीस खुला’ होतो आणि नवा होईपर्यंत जुन्याच अटी व जुनाच पगार चालू राहतो. डेल्टा एअरलाइन्सच्या वैमानिकांचा करार 31 डिसेंबर 2019 रोजी दुरुस्तीस खुला झाला. नंतर कोविड आला, बोलणी थांबली, 2022 च्या आरंभी पुन्हा सुरू झाली आणि नवा करार मार्च 2023 मध्ये मंजूर झाला.

आता आपल्या थकबाकीकडे येतो, कारण बँकवाल्याला चकवणारी जागा तीच आहे. तिकडे मागील तारखेपासून वाढ आपोआप मिळत नाही. ती मागावी लागते आणि तिच्या बदल्यात दुसरे काहीतरी सोडावे लागते. डेल्टाच्या वैमानिकांना मागील वर्षांपोटी एकरकमी रक्कम मिळाली, पण तीही सौद्याचा भाग म्हणून. याचा सरळ अर्थ असा की उशिराचा प्रत्येक महिना कंपनीच्या फायद्याचा असतो. आपल्याकडे उशीर म्हणजे उधारी. तिकडे उशीर म्हणजे निम्मी-अर्धी माफी.

दुसरी मेख संपाची. बोलणी अडली की नॅशनल मीडिएशन बोर्ड मध्यस्थ नेमते, आणि या मध्यस्थीला मुदत नाही. आता मार्ग उरला नाही असे बोर्डाने स्वतः ठरवून दोघांना लवाद सुचवावा, कोणीतरी तो नाकारावा, मग 30 दिवसांचा शांतता काळ सुरू व्हावा आणि तो संपल्यावर संपाची मुभा मिळावी, असा क्रम आहे. एवढे होऊनही राष्ट्राध्यक्ष तातडीचे मंडळ नेमून संप पुढे ढकलू शकतात. 15 फेब्रुवारी 1997 च्या मध्यरात्री अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू झाला आणि काही मिनिटांतच अध्यक्ष क्लिंटन यांनी हस्तक्षेप करून तो थांबवला. पुढच्याच वर्षी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचा संप मात्र सुमारे दोन आठवडे चालू दिला गेला. 2010 मध्ये स्पिरिट एअरलाइन्सच्या वैमानिकांनी पाच दिवस संप केला. मोठे संप इतके विरळ आहेत.

म्हणून ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस डेल्टात संपाच्या बाजूने पडलेली 99 टक्के मते ही संपाची नोटीस नव्हती. त्या दिवशी संप करणे बेकायदा ठरले असते. ते मतदान कंपनीसाठी, मध्यस्थांसाठी आणि नाताळची तिकिटे काढणाऱ्या प्रवाशांसाठी होते. महिन्याभरात तत्त्वतः समझोता झाला.

आपल्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही हवाई वाहतूक लोकोपयोगी सेवा मानली गेली होती. नोटिशीवाचून आणि समेटाची कार्यवाही चालू असताना तिथे संप करता येत नसे. फरक इतकाच की आपल्याकडे समेट अधिकाऱ्याच्या दालनात चहा होऊन विषय पुढच्या तारखेवर जातो आणि तिकडे पुढची तारीखच दिली जात नाही.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. थकबाकीचा मुद्दा वाचून थक्क झालो. आमच्या नेत्यांनी असा करार आणला असता तर सभासदांनी त्यांना दारात उभे केले नसते. एक शंका राहते. साडेचौदा टक्के नाकारण्याचा जुगार यशस्वी होईल, हे युनायटेडच्या वैमानिकांना आधी कसे कळले? आणि भारतातील वैमानिकांचे करारही असेच होतात का?

डावी खुर्ची

जुगार नव्हता, शेजारच्या टेबलावरचे पत्ते दिसत होते. आमच्या धंद्यात कंपनी बदलली की ज्येष्ठता शून्यापासून सुरू होते. कोणते विमान, कोणता तळ, दिवाळीला सुट्टी की ड्युटी, सारे ज्येष्ठता यादीतील क्रमांकावर ठरते. त्यामुळे पंधरा वर्षे झालेला माणूस जास्त पगारासाठी दुसरीकडे जाऊ शकत नाही. मग एकच वाट राहते: दुसऱ्या कंपनीने दिले ते आपल्या कंपनीतच खेचून आणायचे. त्या वेळी डेल्टाची बोलणी शेवटच्या टप्प्यात होती आणि कोविडमध्ये हजारो ज्येष्ठ वैमानिकांनी लवकर निवृत्ती घेतल्यामुळे सर्वत्र वैमानिकांची ओढाताण होती. नकारानंतर महिनाभरातच डेल्टाचा 34 टक्क्यांचा समझोता आला, तोही युनायटेड आणि अमेरिकन एअरलाइन्स यांच्यापेक्षा दर किमान एक टक्का वर राहील अशा कलमासह. 2023 च्या उन्हाळ्यात अमेरिकनचा समझोता तयार असतानाच युनायटेडचा जास्त गोड समझोता जाहीर झाला, तेव्हा अमेरिकनला आपला प्रस्ताव वाढवून द्यावा लागला. युनायटेडचा करार अखेर सप्टेंबर 2023 मध्ये 82 टक्के मतांनी मंजूर झाला. त्यातील वाढ चार वर्षांत 40 टक्क्यांपर्यंत जाते.

मात्र ही शिडी उलटीही चालते, हे तरुण वैमानिक विसरतात. 1980 च्या दशकात नव्या भरतीला कायमचा कमी दर देणारी दुहेरी वेतनश्रेणी एका कंपनीत आली आणि बघता बघता पसरली. ती रोखण्यासाठी 1985 मध्ये युनायटेडच्या वैमानिकांना 29 दिवस संप करावा लागला.

टोरांटोकर

मध्येच दोन ओळी. एअर कॅनडाच्या वैमानिकांना 2014 पासूनचा दहा वर्षांचा करार होता, त्यामुळे शेजारी देशात दर चढत असताना ते पाहत बसले. सप्टेंबर 2024 मध्ये संपाची नोटीस निघण्याच्या बेतात असताना चार वर्षांत सुमारे 42 टक्के वाढीचा समझोता झाला, आणि तरीही मंजुरीला मते पडली 67 टक्केच. नव्या वैमानिकांना पहिली चार वर्षे ठरावीक तुटपुंज्या पगारावर ठेवण्याची पद्धत होती. ती चाराची दोन वर्षे झाली, पूर्ण गेली नाही. कनिष्ठांच्या नाराजीचे एक मोठे कारण ते होते. तेव्हा 42 टक्के कोणाचे, हेही विचारावे लागते.

वाकोला पूल (मुंबई)

भारताबद्दल मी सांगतो. सांताक्रूझच्या जुन्या हँगरपासून सुरुवात करून मी कॅप्टन म्हणून निवृत्त झालो.

गोदाकाठ साहेब, आपल्याकडे खासगी विमान कंपन्यांत ज्याला करार म्हणतात, तो बहुतेक वेळा प्रत्येक वैमानिकाच्या हाती दिलेला कागद असतो. सही करा, नाहीतर राहू द्या. संघटनेने समोर बसून कलमांवर बोलणी करण्याची परंपरा प्रामुख्याने सरकारी कंपनीत होती. 2009 मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना उभारली, त्यातील दोघांना काढले गेले आणि सप्टेंबरमध्ये शेकडो जण एकाच वेळी ‘आजारी’ पडले. पाच दिवसांनी कंपनीला समझोता करावा लागला. तेव्हापासून आजारपणाची रजा हेच आपल्याकडील संपाचे दुसरे नाव झाले आहे.

डावी खुर्ची यांचा तासांचा मुद्दा इथेही जसाच्या तसा लागू पडतो. 2024 मध्ये एअर इंडियातील विलीनीकरणापूर्वी ‘विस्तारा’ या विमान कंपनीच्या वैमानिकांपुढे नवा करार ठेवला गेला. महिन्याला 70 तासांच्या हमीऐवजी 40 तासांची हमी, त्यापुढे जेवढे उडाल तेवढे. तासाचा दर काय, हा वाद नव्हताच. गृहकर्जाचा हप्ता हमीच्या तासांवर बेतलेला असतो. विमान जमिनीवर राहिले म्हणून बँक हप्ता सोडत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. एप्रिलच्या सुरुवातीला वैमानिक मिळेनात आणि कंपनीला दिवसाकाठी 25 ते 30 उड्डाणे कमी करावी लागली.

ज्येष्ठतेबद्दल म्हणाल, तर 2012 चा एअर इंडियाचा 58 दिवसांचा संप मूळ पगारासाठी नव्हता. नव्या ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण आधी कोणाला मिळावे, मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांना की 2007 मध्ये विलीन झालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या, यावर तो पेटला. बाहेरच्यांना ती क्षुल्लक रुसवाफुगवी वाटली. आत असणाऱ्याला ठाऊक होते की त्या प्रशिक्षणाबरोबर पुढच्या वीस वर्षांचा क्रम ठरतो.

मात्र एका बाबतीत डावी खुर्ची यांच्याशी माझा मतभेद आहे. सरकारी नियम म्हणजे केवळ खालची रेघ, असे ते सुचवतात. संघटना दुबळी असेल तिथे ती रेघच सर्वस्व असते. आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, जानेवारी 2024 मध्ये नवे ड्युटी नियम काढले: साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास, रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. कंपन्यांनी ते लांबवले, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि शेवटी ते 1 जुलै व 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. दुसऱ्या टप्प्यानंतर महिनाभरात, डिसेंबरमध्ये, इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि डीजीसीएने त्या कंपनीला काही तरतुदींतून तात्पुरती सूटही दिली. जे करारात लिहिलेले असते, त्यातून सूट घ्यायला कंपनीला संघटनेच्या दारी यावे लागते. जे फक्त नियमात असते, त्यातून सूट एका पत्राने मिळते.

शिवाय नोकरी सोडण्याची नोटीससुद्धा नियामकानेच ठरवलेली आहे: 2017 पासून कॅप्टनला एक वर्ष, फर्स्ट ऑफिसरला सहा महिने. वाटाघाटीत उठून जाण्याची धमकी द्यायची, तर ती वर्षभर आधी द्यावी लागते.

डावी खुर्ची

वाकोला पूल यांचा आक्षेप मान्य आहे. माझ्या डोळ्यांसमोर इथली परिस्थिती होती, जिथे करार नियमापेक्षा जाड असतो.

गोदाकाठ

काल रात्री भाचीचा फोन आला, तेव्हा तिला ही सारी चर्चा वाचून दाखवली. पुढच्या करारात एकच कलम मागता आले तर कोणते मागशील, असे विचारले. ती राखीव यादीत आहे आणि तिचे घर तळापासून दोन तासांच्या विमानप्रवासावर आहे. ती म्हणाली, “मामा, शॉर्ट कॉलचे दिवस निम्मे करा, पगार आहे तोच ठेवा.” हे तिने कोणाकडे मांडावे?

डावी खुर्ची

बोलणी सुरू होण्याआधी संघटनेची वाटाघाट समिती सर्व सभासदांकडे प्रश्नावली पाठवते आणि मागण्यांचा क्रम बऱ्याच अंशी तिच्यावरून लागतो. ज्येष्ठ मंडळी ती न चुकता भरतात, म्हणून निवृत्तिवेतनाचे कलम नेहमी वर राहते. राखीव यादीतली पोरे ती उघडतही नाहीत. तिला सांगा, प्रश्नावली आली की त्याच दिवशी भर, आणि भाड्याच्या खोलीत बरोबर राहणाऱ्या पाच जणांकडूनही भरून घे.